गंगापूर रोडचं मेडिकल, एक स्टार पार्किंगमुळे कापला

अण्णांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात गेलाय, तीन वर्षं झाली, दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन आणि रोज पहाटे अबिराटेरॉनच्या (कॅन्सरला खतपाणी घालणारं पुरुषी हार्मोन बनू न देणारं औषध) 250 च्या चार गोळ्या, त्या पण उपाशीपोटी, पुढं तासभर चहासुद्धा नाही, यावरून घरात रोज वाद. जोडीला वायसोलोन 5 (प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड) दोन वेळा, कारण अबिराटेरॉनने कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, पण पडतं आणि मग बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं, पाय सुजतात.

मागच्या वेळी पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरवर नजर ठेवायची रक्ततपासणी) वर सरकायला लागला पण स्कॅन जैसे थे, त्रास काही नाही. डॉक्टर म्हणाले महागडं औषध बदलायच्या आधी स्टिरॉइड बदलून बघू, वायसोलोन बंद आणि डेक्सामेथासोन 0.5 सकाळी एकच. स्पेनमध्ये 26 पेशंटवर हे करून बघितलंय, जवळपास निम्म्यांचा पीएसए 30 टक्के किंवा जास्त खाली आला, पण अभ्यास छोटा आहे, गॅरंटी धरू नका असंही सांगितलं.

आता मुद्द्याचं. आधी दुसऱ्या एका दुकानात गेलो तर त्याने मान वर न करता स्ट्रिप टाकली, वायसोलोनचं विचारलं तर "राहू द्या दोन्ही चालू". इथल्या काकांनी मात्र चिठ्ठी दोनदा वाचली, जुनी मागितली, "वायसोलोन बंद असं कुठं लिहिलंच नाहीये" म्हणत माझ्यासमोर डॉक्टरांना फोन लावला. मग सांगितलं की मध्ये एक दिवस पण खाडा नको, स्टिरॉइड एकदम तोडायचं नसतं, आणि जुनी पाकिटं घरातून बाजूला काढा नाहीतर सवयीने दोन्ही जातील. शुगरची गोळी दिसली म्हणून जेवणानंतरची शुगर बघत जा म्हणाले, आणि खरंच दुपारची वाढली, डॉक्टरांनी शुगरच्या गोळीचा डोस अ‍ॅडजस्ट केला. हे सगळं कशासाठी, तर जिच्या कित्येक महिन्यांचा खर्च मिसळीच्या एका प्लेटमध्ये निघतो त्या डेक्सामेथासोनच्या गोळीसाठी! आत्या तर म्हणे ही अंगावर मांस चढायची गोळी, अण्णांना कशाला. त्यासाठीच मागायला आलेल्या एका पोराला काकांनी चिठ्ठी नाही म्हणून माझ्यादेखत हाकललं.

दीड महिन्याने पीएसए थोडा उतरला, बघू पुढं.

बाकी पार्किंगची बोंब आहे, दुपारी दोन ते पाच शटर खाली, डिस्काउंट ऑनलाइनपेक्षा कमी आणि काकांना घाई केलेली चालत नाही, मागं लाइन लागली तरी. अबिराटेरॉन तयार नसतं, मागवावं लागतं, त्यामुळं संपायच्या चार दिवस आधी सांगून ठेवा.