कबरस्तानातील नऊ शिळा आणि त्यांची दुरुस्ती : एक अभिप्राय

गेल्या हिवाळ्यात सोलापुरातील दगडकामाच्या एका कारखान्याकडून आम्ही गावाकडील जुन्या कबरस्तानातील नऊ शिळांची दुरुस्ती करून घेतली. त्या कामाविषयी हा अभिप्राय आहे. ग्रॅनाइटची चकचकीत पाटी चार दिवसांत करून देणारी दुकाने शहरात पुष्कळ आहेत. जुना दगड आहे तसा राखून त्यावरील अक्षरे पुन्हा वाचता येतील असे करणारा कारागीर मात्र आम्हाला बराच शोधावा लागला.

कबरस्तानाची हकिगत सांगितल्याशिवाय या कामातली अडचण कळणार नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडण्यासाठी आलेली काही कुटुंबे आमच्या गावाच्या शिवेवर कायमची राहिली आणि पुढे त्यांतील बहुतेकांनी अमेरिकन मराठी मिशनच्या उपदेशकांकडून बाप्तिस्मा घेतला, असे आमच्या घरी सांगत आले आहेत. गावच्या मसणवट्यात त्यांना जागा मिळाली नाही, म्हणून ओढ्यापलीकडच्या मुरमाड माळावर त्यांनी आपल्या माणसांना पुरायला सुरुवात केली. सर्वांत जुन्या कबरींवर काहीही कोरलेले नाही. डोक्याकडे एक आणि पायाकडे एक असे दोन काळे, न घडवलेले दगड तेवढे आहेत. खडी फोडणे आणि अक्षर कोरणे ही कामे निराळी, आणि दुसऱ्या कामाला पैसे मोजावे लागत.

कोरीव शिळा आहेत त्या सगळ्या शहाबादी फरशीच्या. लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला आणि १८७१ मध्ये रायचूरपर्यंत पोचला. शहाबाद त्याच मार्गावर असल्यामुळे तिथली फरशी आमच्या भागात गरिबाच्याही आवाक्यात आली. तिच्यावरची जुनी वर्षे एकामागून एक वाचत गेले की वस्तीचे वाईट दिवस समोर येतात. १८९९-१९०० च्या दुष्काळातल्या तीन शिळा आहेत, आणि १९१८ च्या मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीत गेलेल्यांची तर एक अख्खी रांगच आहे, जिच्यातील चार कबरी हातभर लांबीच्या आहेत.

शहाबादी दगड हा थरांचा चुनखडक असल्यामुळे घडवायला सोपा, पण थरांमध्ये पाणी शिरले की त्याचे पापुद्रे सुटतात आणि पापुद्र्याबरोबर अक्षरही जाते. पूर्वी कोणीतरी हौसेने दोन शिळा फरशी धुण्याच्या ॲसिडने धुतल्या होत्या, त्यांचा पृष्ठभाग खाल्ला गेल्याचे आजही दिसते. कारखान्यातील वृद्ध कारागिरांनी पहिल्याच भेटीत ॲसिड, तारेचा ब्रश आणि पाण्याचा जोराचा फवारा या तिन्ही गोष्टी वर्ज्य ठरवल्या आणि साधे पाणी, मऊ ब्रश व बांबूच्या कामट्या एवढ्यावर सफाई केली. शेवाळ काढायलाच चार दिवस लागले. संध्याकाळी दगडाला टेकवून तिरपा विजेरीचा झोत टाकला की दुपारी कोऱ्या वाटणाऱ्या शिळेवर अक्षरांच्या सावल्या उभ्या राहत, आणि मग मुले मोठ्याने नावे वाचत.

आमच्या मंडळीतील काहींना सर्व शिळा काढून ग्रॅनाइट बसवायचे होते. त्यावर कारागिरांनी एवढेच सांगितले, "मालक, नवी पाटी लावायची तर लावा, पण जुनी टाकू नका, तिच्या मागं उभी करा." (सोलापुरात सगळेच मालक असतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी.) दोन शिळांवर छन्नी घातली तर पापुद्रा सुटेल, असे म्हणून त्यांनी त्यांवर नव्याने कोरण्यास साफ नकार दिला. मजुरी अक्षरामागे ३० रुपये ठरलेली होती. म्हणजे या नकाराने त्यांचेच पैसे बुडाले. हा कारखाना सुचवण्यामागचे माझे मुख्य कारण हे आहे.

दोष दडवण्याचे कारण नाही. कोरण्याआधी कागदी नमुना दाखवण्याची पद्धत कारखान्यात नाही; मी हट्ट धरला म्हणून तो मिळाला, आणि त्यावर एका शिळेचे वर्ष १८११ असे आले होते. झिजलेला ९ हा १ सारखा दिसतो, हे खरे. परंतु अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले तेच १८१३ मध्ये, तेव्हा आमच्या माळावर त्याच्या दोन वर्षे आधी ख्रिस्ती कबर असणे कसे शक्य आहे? पुन्हा झोत टाकून पाहिल्यावर दोन्ही ९ स्पष्ट झाले आणि नमुना बदलला गेला. दुसरी चूक अधिक त्रासाची होती. वृद्ध कारागीर गावाला गेले असताना तरुण मदतनिसाने एका शिळेचे बूड सिमेंटमध्ये पक्के केले. सिमेंट चुन्यापेक्षा कठीण असते आणि ओल सहज बाहेर पडू देत नाही, म्हणून ते जपून फोडून चुन्यात पुन्हा बसवावे लागले. त्याचे वेगळे पैसे कारखान्याने घेतले नाहीत, मात्र तीन आठवड्यांचे काम सात आठवड्यांवर गेले आणि फोन उचलण्याबाबत तर न बोललेले बरे.

सफाई, चुन्यातील बसवणी, अक्षरकाम आणि टेंपोभाडे धरून एकूण खर्च २१ हजार रुपयांच्या आत राहिला. काम करून घेऊ इच्छिणाऱ्यांनी दिवाळीनंतरचे दिवस ठरवावेत, कारण पावसाळ्यात चुना नीट धरत नाही. कागदी नमुना लेखी मागावा, आणि वृद्ध कारागीर स्वतः येणार आहेत ना, हे आधी विचारावे. बिनअक्षरी काळ्या दगडांना त्यांनी हात लावला नाही. फक्त कलंडलेले सरळ केले आणि कोणता दगड कोणत्या जागी होता, ते खडूने वहीच्या पुठ्ठ्यावर काढून आमच्या हाती दिले.