डार्विनची परत आलेली वही: थेट छत्तिसावं पान उघडा

केंब्रिज विद्यापीठ ग्रंथालयाच्या ‘केंब्रिज डिजिटल लायब्ररी’ या साइटवर डार्विनची ‘नोटबुक बी’ शोधा. खातं काढायची भानगड नाही, पैसे नाहीत. छत्तिसाव्या पानावर वर दोनच शब्द दिसतील, ‘आय थिंक’, आणि खाली शाईनं काढलेलं काटकुळं झाड. साल १८३७. आता झूम करत जा. बुडाशी १ चा आकडा, फांद्यांना ए, बी, सी, डी. काही फांद्यांच्या टोकाला आडवी रेघ आहे, काहींना नाही. रेघ असलेल्या फांद्या आज हयात असलेल्या प्रजातींच्या, बिनरेघेच्या नामशेष झालेल्यांच्या. एवढं कळलं की ती गिचमीड बोलायला लागते.

ही वही आणि तिची जोडीदार ‘सी’ या ग्रंथालयानं नोव्हेंबर २००० मध्ये फोटो काढण्यासाठी बाहेर काढल्या होत्या. जानेवारी २००१ च्या तपासणीत दोन्ही जागेवर नव्हत्या. चुकून दुसऱ्या खणात गेल्या असतील, असं बरीच वर्षं धरून चालले. ग्रंथालयात नोकरी केल्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. चुकीच्या खणात गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा, आणि तिथे तर दोनशे किलोमीटरहून लांब फडताळं! शेवटी २०२० मध्ये ‘चोरीच झाली असावी’ म्हणत जाहीर आवाहन केलं. ९ मार्च २०२२ ला ग्रंथपाल जेसिका गार्डनर यांच्या कचेरीबाहेर, सीसीटीव्ही नसलेल्या जागी, गुलाबी पिशवी सापडली. आत दोन्ही वह्या, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेल्या, धडधाकट. सोबतच्या पाकिटावर ग्रंथपालांना ईस्टरच्या शुभेच्छा! काय तो शिष्टाचार.

मूळ वह्या बेपत्ता होत्या तेव्हाही त्यांची पानं या साइटवर वाचता येत होती, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

‘बी’मधली बरीच पानं नाहीत, त्याचा आळ मात्र चोरावर घेऊ नका. कामाची पानं खुद्द डार्विननंच कापून घेतली. १८५६ ची तशी नोंद त्याच्याच हातची आहे.

अक्षर भयंकर. शेजारच्या टॅबमध्ये ‘डार्विन ऑनलाइन’वरचा छापील मजकूर उघडून ठेवा, नाहीतर थोड्याच वेळात कंटाळाल. शक्यतो मोठ्या पडद्यावर बघा. वही प्रत्यक्षात पोस्टकार्डाएवढी आहे, हे झूम करताना विसरायला होतं.

वहीच्या सुरुवातीला ‘झूनोमिया’ हे डार्विनच्या आजोबांच्या ग्रंथाचं नाव दिसतं. क्रमानं वाचणाऱ्यांनी तिथून सुरू करावं. माझे पाचपैकी पाच तारे.