नॅनोरायमो : तीस दिवसांत कादंबरीचा पहिला खर्डा

मराठीत लिहिणाऱ्याला मुदतीची खरी ओळख दिवाळी अंकांमुळे होते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून पावसाळा सरण्याआधी कथा संपादकांच्या हाती द्यायची ही शिस्त आपल्याकडे रुजली, आणि कितीतरी चांगल्या कथा केवळ संपादकांचे स्मरणपत्र आले म्हणून लिहून झाल्या. कादंबरीचे तसे नसते. ज्याचे एकही पुस्तक निघालेले नाही अशा माणसाच्या पहिल्या कादंबरीची वाट कुणीच पाहत नसते; ती यंदा झाली किंवा दहा वर्षांनी झाली, तरी कुणाचे काही अडत नाही. ‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’, म्हणजेच नोव्हेंबरच्या तीस दिवसांत पन्नास हजार शब्दांचा कादंबरीचा खर्डा लिहून काढण्याचा, जगभर ‘नॅनोरायमो’ या नावाने ओळखला गेलेला उपक्रम, ही वाट पाहण्याचीच सेवा देत होता, असे मला दोन वर्षांचे नोव्हेंबर महिने त्यात घालवल्यानंतर वाटते. तो चालवणारी संस्था बंद होत असल्याची घोषणा ३१ मार्च २०२५ रोजी झाली. तरीही हे परीक्षण लिहिते आहे, कारण संस्था मिटली असली तरी तिने घालून दिलेल्या पद्धतीने आजही अनेक जण नोव्हेंबरात लिहायला बसतात, आणि मराठीत लिहिणाऱ्याने त्या पद्धतीतले काय घ्यावे व काय बदलावे याविषयी मला काही सांगायचे आहे.

सुरुवात अगदी घरगुती होती. जुलै १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहणाऱ्या ख्रिस बेटी यांनी मित्रमंडळी जमवली आणि २१ जणांनी एका महिन्यात कादंबरी लिहायचे ठरवले. पन्नास हजार शब्दांचा आकडा बेटी यांनी आपल्या फळीवरच्या सर्वांत आटोपशीर कादंबरीतल्या शब्दांचा अंदाज घेऊन नक्की केला होता. त्यामागे कोणतेही साहित्यशास्त्र नव्हते. दुसऱ्या वर्षी हा महिना नोव्हेंबरात नेला, कारण तिकडची त्या दिवसांतली हवा माणसाला घरातच बसवते. त्या वर्षी १४० जण आले आणि तिसऱ्या वर्षी सुमारे पाच हजार. पुढे त्याची ना-नफा संस्था झाली, आणि २०२२ साली नाव नोंदवणाऱ्यांची संख्या चार लाखांच्या वर होती. नावात ‘राष्ट्रीय’ हा शब्द शेवटपर्यंत राहिला, पण तोपर्यंत जवळपास प्रत्येक खंडातून आणि अनेक भाषांतून लोक त्यात लिहीत होते.

सेवा विनामूल्य होती. संस्थेचा खर्च देणग्यांवर, वस्तूंच्या विक्रीवर आणि पुरस्कर्त्यांवर चाले. संस्थेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचे, कादंबरीचे नाव लिहायचे, आणि १ नोव्हेंबरपासून रोज रात्री आपला शब्दांचा आकडा भरायचा. त्याबरोबर एक आलेख उमटत असे. त्यात एक तिरपी सरळ रेषा असे, रोजच्या १,६६७ शब्दांची, आणि तिच्या शेजारी आपल्या प्रत्यक्ष लेखनाचे खांब. त्याखाली या गतीने तुमची कादंबरी कोणत्या तारखेला पूर्ण होईल तेही लिहिलेले असे. मी आजवर लेखनासाठी वापरलेल्या साधनांपैकी हे सर्वांत परिणामकारक आहे, असे मी विचारपूर्वक म्हणते. आपण दोन दिवस लिहिले नाही की ती तारीख डिसेंबरात सरकते, आणि एक रात्र जागून लिहिले की परत नोव्हेंबरात येते. कादंबरीसारख्या अदमास न लागणाऱ्या कामाला एक अखेर आहे आणि ती आपल्याच हाताने जवळ किंवा दूर होते, हे इतक्या स्पष्टपणे मला दुसऱ्या कशानेही दाखवले नव्हते.

स्पर्धा म्हणावे तर येथे परीक्षक नव्हते. पन्नास हजारांवर पोहोचलेला प्रत्येक जण विजेता. लेखन कुणीही वाचत नसे. पूर्वीच्या काळी शेवटच्या दिवसांत संपूर्ण मजकूर मोजणीसाठी चिकटवावा लागे. आपले लेखन दुसऱ्याच्या हाती पडेल अशी धास्ती असणारे काही जण त्यातली अक्षरे उलटसुलट करून तो देत, आणि मोजणी तरीही बरोबर येत असे. विजेत्याला मिळत असे ते एक प्रमाणपत्र आणि पुरस्कर्त्यांकडून काही सवलती. ‘स्क्रिव्हनर’ या लेखन-सॉफ्टवेअरवरची सवलत त्यात अनेक वर्षे होती. बक्षीस म्हणून हे फारच थोडे आहे, पण कुणी बक्षिसासाठी येत असेल असे मला कधीच वाटले नाही.

खरे मोल सोबतीचे होते. अनेक शहरांना आणि प्रदेशांना स्वयंसेवक संयोजक असत. ते ग्रंथालयात किंवा कॉफीच्या दुकानात एकत्र बसून लिहिण्याच्या बैठका घडवून आणत. माझ्या गावी तसे काही नव्हते, त्यामुळे माझी सोबत दूरवरची होती. कुणीतरी वेळ लावायचे, पंधरा किंवा वीस मिनिटे सर्वांनी काहीही न बोलता लिहायचे आणि मग आपापला आकडा सांगायचा, अशा फेऱ्या रोज होत. मी रात्री साडेदहाला, घरातली निजानीज झाल्यावर बसत असे. तेव्हा बर्लिनमध्ये संध्याकाळचे सहा वाजलेले असत आणि सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे नऊ. मी मराठीत काय लिहिते आहे हे त्यांच्यापैकी एकालाही कळत नव्हते, आणि तरीही वीस मिनिटांनी ते माझ्या आकड्याची वाट पाहत असत. एवढे पुरेसे होते. लेखन हे एकट्याने करण्याचे काम आहे असे आपण मानतो, आणि ते बरोबरही आहे. पण एकटेपणा आणि कुणालाच ठाऊक नसणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत, हा फरक मला त्या रात्रींनी शिकवला.

माझा पहिला प्रयत्न फसला. २०१८ साली लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला होते. धनत्रयोदशीपासून भाऊबिजेपर्यंतचे पाच दिवस मी एक ओळही लिहू शकले नाही, आणि पाच दिवसांची तूट म्हणजे ८,३३५ शब्द. ती भरून काढण्यासाठी पुढे रोज दोन हजारांच्या वर लिहावे लागले असते; मी एकवीस हजारांवर थांबले. २०१९ साली दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीसच आटोपली आणि मी २९ नोव्हेंबरच्या रात्री पन्नास हजार ओलांडले. उपक्रमाचा महिना ठरवताना अमेरिकेतली हवा पाहिली गेली होती. आपल्या पंचांगाशी त्याची गाठ काही वर्षी जमते आणि काही वर्षी जमत नाही.

आता मोजणीविषयी, कारण मराठी लेखकाच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. शब्द म्हणजे दोन मोकळ्या जागांमधला मजकूर, एवढेच यंत्राला कळते. आपली भाषा विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिते. ‘शाळेच्या फाटकासमोरून’ हे आपले दोन शब्द झाले. तेच इंग्रजीत ‘फ्रॉम इन फ्रंट ऑफ द स्कूल गेट’ असे सात होतात. सगळीच वाक्ये इतकी टोकाची नसतात, पण पानापानागणिक हा फरक साचत जातो, आणि त्यामुळे मराठीत पन्नास हजारांवर पोहोचलेल्या माणसाने इंग्रजीत पन्नास हजार लिहिणाऱ्यापेक्षा बरीच जास्त कथा सांगितलेली असते. छापील पानावर अडीचशे शब्द धरले तरी ते दोनशे पानांचे पुस्तक होते. आपल्याकडच्या कित्येक नावाजलेल्या कादंबऱ्या त्याहून लहान आहेत. टंकलेखनाचाही हिशेब करावा लागतो: इन्स्क्रिप्ट कळफलकावर माझा वेग मिनिटाला वीस शब्दांचा आहे, म्हणजे एकदाही न थांबता १,६६७ शब्दांना सुमारे एक तास तेवीस मिनिटे लागतात, आणि न थांबता कुणीच लिहीत नाही. मला रोज अडीच तास लागत.

संस्थेचे एप्रिल आणि जुलै महिन्यांतले ‘कॅम्प’ नावाचे तशाच लेखनाचे उपक्रम या बाबतीत अधिक शहाणे होते, कारण त्यात आपले उद्दिष्ट आपणच ठरवायचे होते. अठरा वर्षांखालील मुलांच्या स्वतंत्र उपक्रमातही तीच मोकळीक होती. मला विचारले तर मराठीसाठी पस्तीस हजारांचे उद्दिष्ट न्याय्य आहे. दिवसाला साधारण ११७० शब्द. त्यात कष्ट आहेत, पण भाषेच्या घडणीचा दंड भरावा लागत नाही. शब्दसंख्या वाढवण्यासाठी मी २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात ‘त्याच्यासाठी’ ऐवजी ‘त्याच्या साठी’ असे तोडून लिहू लागले होते, हे मला पुढे दुरुस्तीच्या वेळी दिसले. उद्दिष्टाने भाषा बिघडू लागली की उद्दिष्ट बदलायला हवे.

या पद्धतीचा गाभा असा आहे की पहिला खर्डा होईपर्यंत मनातल्या संपादकाला बाहेर बसवायचे. मागचे वाचायचे नाही, खोडायचे नाही, अडले तर खूण करून पुढे जायचे. माझी कादंबरी सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर बेतलेली होती. जमिनीखालच्या त्या कोठारांत वर्षानुवर्षे हळद साठवली जाई आणि २००५ च्या महापुराने त्यांची फार मोठी हानी केली. पेवाचे तोंड बंद कसे करतात हे मला चौथ्या दिवशी नीट सांगता येईना. एरवी मी तेथेच थांबले असते, कुणाला तरी विचारायला गेले असते, आणि तो धागा महिनाभर सुटला असता. या वेळी चौकटी कंसात ‘पेव बंद करणे – विचारणे’ एवढे लिहून पुढे गेले. खर्डा संपला तेव्हा असे बत्तीस कंस होते, आणि डिसेंबरात हरिपूरला गेले तेव्हा कुणाला नेमके काय विचारायचे आहे हे मला पक्के ठाऊक होते. माहिती आधी आणि लेखन नंतर, या माझ्या जुन्या क्रमापेक्षा हा क्रम कितीतरी फलदायी ठरला.

या पद्धतीवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा की तिने संख्येला गुणवत्तेच्या जागी बसवले. आक्षेपात तथ्य आहे, पण तो महिन्यापेक्षा महिन्यानंतरच्या वागणुकीला अधिक लागू पडतो. सारा ग्रुएन यांच्या २००६ साली आलेल्या ‘वॉटर फॉर एलिफंट्स’ या कादंबरीची सुरुवात याच उपक्रमात झाली होती. मात्र तीस दिवसांत जे होते ते पुस्तक नव्हे, हे विसरून चालत नाही. माझ्या पन्नास हजारांपैकी दुरुस्तीनंतर एकोणीस हजार शब्द उरले, आणि त्या दुरुस्तीला चौदा महिने लागले. संस्था नव्या वर्षाच्या आरंभी दुरुस्तीविषयी मार्गदर्शन देत असे, परंतु त्याला नोव्हेंबरसारखे तेज कधीच नव्हते. ज्यांना संवादाचा एकेक शब्द तोलून पुढे जायची सवय आहे, किंवा जे कवितेच्या जवळचे गद्य लिहितात, त्यांना ही पद्धत मी सुचवणार नाही. ज्यांच्या कपाटात पहिल्या तीन प्रकरणांच्या चार-पाच वह्या पडून आहेत, त्यांना मात्र आग्रहाने सुचवीन.

संस्थेच्या अखेरच्या वर्षांविषयी लिहिणे मला जड जाते, पण परीक्षणात ते टाळता येत नाही. २०२३ च्या अखेरीस अल्पवयीन सदस्यांच्या सुरक्षिततेबाबत गंभीर तक्रारी पुढे आल्या आणि अनेक वर्षे काम केलेले स्वयंसेवक दुरावले. सप्टेंबर २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराविषयी संस्थेने निवेदन काढले. या साधनांना सरसकट विरोध करण्यात वर्गीय पूर्वग्रह आणि अपंगांविषयीचा दुजाभाव आहे, असा त्याचा सूर होता. सल्लागार मंडळातल्या लेखकांनी राजीनामे दिले. मला त्यातली विसंगती फार लागली. जेथे लेखन कुणीच वाचत नाही, बक्षीस नाही, परीक्षक नाहीत, तेथे त्या पन्नास हजार शब्दांना अर्थ एवढाच की ते त्या माणसाने रोज रात्री बसून लिहिले आहेत. तेच दुसऱ्याकडून लिहवून घेतले तरी चालेल असे वाटायला लावणारे निवेदन संस्थेने काढावे, हे तिच्याच पायाखालची माती काढण्यासारखे होते. पुढे सात महिन्यांच्या आत संस्था बंद होत असल्याची घोषणा झाली. आर्थिक ओढाताण हे त्यामागचे एक जाहीर कारण होते.

आलेखाची उणीव साध्या स्प्रेडशीटने भरून निघते: एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात आकडा, तिसऱ्यात आवश्यक सरासरी. सोबतीची उणीव तशी भरून निघत नाही, ती जमवावी लागते. गेल्या नोव्हेंबरात आम्ही चौघींनी रात्री साडेदहाची वेळ धरून तसे करून पाहिले. चौघीही मराठीत लिहिणाऱ्या असल्याने पस्तीस हजारांचे उद्दिष्ट ठेवले. तिघी पोहोचल्या आणि चौथी सव्वीस हजारांवर आहे, अजून लिहिते आहे. २०२६ साली लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येते, त्यामुळे आता महिना ठरवणारी संस्था नाही याचा एक लाभ आम्ही घेणार आहोत: भाऊबीज उरकली की दुसऱ्या दिवसापासून आमचे तीस दिवस सुरू होतील.