मुलाला डिप्रेशनची गोळी: सुरू करावी, थांबावं, की आधी थेरपी?

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून मला बावीस वर्षं झाली. डिप्रेशनच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आलेले मोठे लोक स्ट्रिप पिशवीत टाकतात आणि निघतात. मुलासाठी गोळी न्यायला आलेले आईवडील मात्र तिथेच रेंगाळतात. स्ट्रिप उलटसुलट करून बघतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "ताई, ही मुलांना चालते ना हो?" मागे चार गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात, त्यामुळे माझ्याकडून उत्तर अर्धंच जातं. ते पूर्ण उत्तर इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. पण चार वर्षांपूर्वी माझी भाची दहावीत असताना हाच निर्णय आमच्या घरावर आला होता आणि तेव्हा माझीही रात्रीची झोप उडाली होती.

काळ्या चौकटीतला इशारा

मोबाइलवर औषधाचं नाव टाकलं की पहिली गोष्ट दिसते ती ही: "मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढतात." बहुतेक घरांत निर्णय तिथेच होतो आणि गोळी कपाटात जाते. म्हणून या वाक्यामागे काय आहे ते आधी बघू.

ऑक्टोबर 2004 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सगळ्या अँटिडिप्रेसंट (डिप्रेशनवरच्या) औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. त्याआधी त्यांनी 24 चाचण्यांमधल्या 4,400 हून अधिक मुलांची माहिती एकत्र तपासली होती. आत्महत्येचे विचार किंवा तसा प्रयत्न, हे औषध घेणाऱ्या मुलांत शंभरात साधारण 4 जणांच्या बाबतीत आढळलं आणि तुलनेसाठी नुसती साखरेची (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांत शंभरात 2 जणांच्या. त्या सगळ्या चाचण्यांत आत्महत्येने मृत्यू एकही झाला नाही. 2007 मध्ये हा इशारा 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला गेला.

म्हणजे धोका खरा आहे, आणि तो थोडा आहे. ही दोन्ही वाक्यं एका दमात बोलायला जड जातात, पण आईवडिलांना दोन्ही एकत्रच सांगितली पाहिजेत. धोका सगळ्यात जास्त असतो तो सुरुवातीच्या काही आठवड्यांत आणि डोस बदलताना.

आता तराजूचं दुसरं पारडं. डिप्रेशन हाच मुळात जिवावर बेतणारा आजार आहे. गोळी दिली नाही म्हणजे धोका शून्य झाला, असं होत नाही. आजार घरातच राहतो. अमेरिकेत या इशाऱ्यानंतर मुलांना औषध लिहिण्याचं प्रमाण खाली आलं आणि 2004 मध्ये तिथल्या तरुण मुलांच्या आत्महत्या वाढल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी कितपत संबंध आहे यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, त्यामुळे मी त्यावर जोर देणार नाही. पण "औषध टाळलं की मूल सुरक्षित" हा हिशेब चुकीचा आहे, एवढं मी ठामपणे म्हणते.

गोळी की थोडं थांबणं

हे आजार किती खोल आहे त्यावर ठरतं. ब्रिटनमध्ये डॉक्टरांसाठी नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांत स्पष्ट आहे की सौम्य डिप्रेशनमध्ये मुलांना सुरुवातीला ही गोळी द्यायचीच नाही. दोन आठवडे लक्ष ठेवायचं, झोप, जेवण, खेळ यांची घडी बसवायची, बोलतं करायचं आणि पुन्हा तपासायचं. सहामाहीत मार्क कमी पडले म्हणून आठवडाभर गप्प असलेल्या मुलासाठी कुणी चिठ्ठी घेऊन आलं, तर मी स्वतः सांगते की एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून या.

पण जे मूल दोन-दोन आठवडे नीट जेवत नाही, शाळेत जायचं म्हटलं की अंथरुणातून उठत नाही, मित्रांचे फोन घेत नाही, "मी नसले तर बरं होईल" असं म्हणतं, तिथे "परीक्षा झाल्यावर बघू" हे म्हणणं फार महागात पडू शकतं. तिथे थांबणं हाच जास्त धोक्याचा पर्याय आहे. मरणाचं बोलणं निघालं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. रात्र असेल, कुणीच मिळत नसेल, तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं. मुलाला स्वतः करता येतो, आईवडिलांनाही करता येतो.

गोळी की थेरपी

इथे एका चाचणीचे आकडे मला सगळ्यात उपयोगी वाटतात. अमेरिकेतल्या टॅड्स या चाचणीत 12 ते 17 वयाची, डिप्रेशन असलेली 439 मुलं होती. काहींना फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी दिली, काहींना सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी, काहींना दोन्ही आणि काहींना साखरेची गोळी. बारा आठवड्यांनी दोन्ही मिळालेल्यांपैकी 71 टक्के सुधारले, नुसत्या गोळीवर 61 टक्के, नुसत्या थेरपीवर 43 टक्के आणि साखरेच्या गोळीवर 35 टक्के. म्हणजे लवकर उतार पडायला गोळीने मदत झाली. पण 36 आठवड्यांनी बघितलं तर नुसती गोळी आणि नुसती थेरपी दोन्ही 81 टक्क्यांवर आल्या होत्या, दोन्ही घेणारे 86 टक्क्यांवर.

सुरक्षिततेचा आकडा याच चाचणीत आहे आणि तो डोळ्यांआड करू नये. 36 आठवड्यांत आत्महत्येशी संबंधित घटना नुसत्या गोळीच्या गटात 14.7 टक्के मुलांत झाल्या, दोन्ही घेणाऱ्यांत 8.4 टक्के आणि नुसत्या थेरपीत 6.3 टक्के. म्हणजे तीच गोळी; सोबत दर आठवड्याला बोलायला माणूस होतं तिथे हे प्रमाण कमी राहिलं.

माझं मत विचाराल तर मध्यम ते तीव्र आजारात दोन्ही एकत्र, आणि ते जमत असेल तर दुसरा विचार नको. अडचण जमण्याची आहे. आमच्या तालुक्यात सीबीटी शिकलेलं कुणी नाही. जिल्ह्याच्या गावी जायचं तर दर आठवड्याला मुलीची शाळा, आईचा खाडा आणि एसटीचा प्रवास. त्यात "समुपदेशक" अशी पाटी लावायला कुणाची हरकत नसते, म्हणून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का ते विचारायला संकोचू नका. ज्यांना खासगी परवडत नाही त्यांनी जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारून घ्यावं.

आजार चिंतेचा असेल तर चित्र बदलतं. 2007 मध्ये 27 चाचण्या एकत्र करून जो अभ्यास आला, त्यात डिप्रेशनमध्ये औषधाने 61 टक्के मुलं सुधारली तर साखरेच्या गोळीने 50. चिंतेच्या आजारांत हेच आकडे 69 आणि 39 होते. फरक केवढा मोठा आहे बघा. हीच औषधं पुन्हा पुन्हा हात धुणं, पुन्हा पुन्हा तपासणं या ओसीडीच्या आजारातही वापरतात. त्यामुळे "डिप्रेशनची गोळी दिली" असं ऐकून घाबरण्याआधी डॉक्टरांना विचारा की निदान नेमकं काय आहे. फायदा किती अपेक्षित धरायचा, हे त्या उत्तरावर ठरतं.

कोणती गोळी

सगळ्या गोळ्या एकाच माळेचे मणी नाहीत. मुलांच्या डिप्रेशनमध्ये सगळ्यात भक्कम पुरावा फ्लुओक्सेटिनचा आहे. अमेरिकेत ते 8 वर्षं वयापासूनच्या मुलांसाठी मान्य आहे. ब्रिटनने 2003 मध्ये तपासणी केली तेव्हा फ्लुओक्सेटिनच्या गटातल्या औषधांपैकी मुलांच्या डिप्रेशनसाठी फायदा धोक्यापेक्षा जास्त ठरला तो फक्त याच औषधाचा. अमेरिकेत एस्सिटालोप्राम 12 वर्षं वयापासूनच्या मुलांच्या डिप्रेशनसाठी मान्य आहे. सर्ट्रालिन मुलांच्या ओसीडीसाठी मान्य आहे आणि चिंतेत त्याचा चांगला अनुभव आहे.

पॅरोक्सेटिनबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण त्यातून मी स्वतः बरंच शिकले. या औषधाची किशोरवयीन मुलांवरची चाचणी, जिला स्टडी 329 म्हणतात, 2001 मध्ये छापून आली तेव्हा औषध परिणामकारक आणि सोसवणारं असल्याचं म्हटलं होतं. 2015 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी मूळ कागदपत्रं काढून तीच चाचणी पुन्हा मोजली. निष्कर्ष निघाला की औषधाचा फायदा नव्हता आणि त्रास वाढला होता. मधल्या काळात किती घरांनी त्या पहिल्या कागदावर विश्वास ठेवला असेल, याचा विचार आला की अजून वाईट वाटतं. मुलाच्या डिप्रेशनसाठी पॅरोक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन पहिलंच औषध म्हणून लिहिलं असेल, तर का लिहिलं ते विचारा. इमिप्रामिन, अमिट्रिप्टिलिन ही जुन्या पिढीची औषधं लहान मुलांच्या डिप्रेशनमध्ये उपयोगी पडत नाहीत आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात.

आणखी एक गोष्ट काउंटरवर रोज दिसते. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात. क्लोनाझेपामने गुंगी येते आणि सवय लागते. मुलाच्या चिठ्ठीवर अशी जोडगोळी असेल तर दुसरं औषध किती दिवसांसाठी आहे हे स्पष्ट विचारून घ्या.

एकच गोळी, दोन तऱ्हा

माझ्या भाचीला पहिल्यांदा जिथे दाखवलं तिथे पाच मिनिटांत फ्लुओक्सेटिन 20 मिलिग्रॅम लिहून मिळालं आणि "महिन्याने या" असं सांगितलं गेलं. काय बघायचं, कधी फोन करायचा, काही नाही. सहाव्या रात्री दोन वाजता ताईचा फोन आला. पोरगी स्वयंपाकघरातून गॅलरीत आणि गॅलरीतून स्वयंपाकघरात फेऱ्या मारत होती. बसायला सांगितलं की दोन्ही गुडघे हलायला लागायचे. फोनवर मला म्हणाली, "मावशी, अंगात काहीतरी पळतंय, मला थांबवताच येत नाहीये." जी मुलगी महिनाभर खोलीतून बाहेर येत नव्हती, तिचा तो आवाज ऐकून माझे हातपाय गार पडले. त्या रात्री ताई आणि भावजी आळीपाळीने तिच्याजवळ बसून होते.

दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी तासभर विचारलं: झोप, राग, मरणाचे विचार येतात का, घराण्यात कुणाला कधी अतिउत्साहाचे झटके आले होते का. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण बायपोलर, म्हणजे कधी डिप्रेशन तर कधी अतिउत्साह असा आजार, असेल तर नुसती ही गोळी उलटू शकते. आमच्याकडे तसं काही नव्हतं. मग त्यांनी काही दिवस औषध थांबवलं आणि 10 मिलिग्रॅमपासून पुन्हा सुरू केलं. पहिले चार आठवडे दर आठवड्याला बोलावलं. घरी एक वही करायला सांगितली: किती तास झोपली, किती जेवली, चिडचिड, बेचैनी. गोळ्यांचा डबा ताईच्या कपाटात कुलपात. गोळी तीच होती, फ्लुओक्सेटिनच. या वेळी पोटात थोडं मळमळलं, डोकं दुखलं, दहाएक दिवसांत गेलं. पाचव्या आठवड्यातल्या वहीत ताईचं अक्षर आहे: "आज स्वतःहून पोहे मागितले."

म्हणून "गोळी सुरक्षित आहे का" असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, "पुढची तारीख कधीची दिली आहे?" सुरुवातीला आठवड्याची असेल तर मला धीर येतो. महिन्याची असेल तर मी सांगते, आजच फोन करून लवकरची मागून घ्या. अचानक वाढलेली बेचैनी, झोप उडणं, कधी नव्हे तो आक्रमकपणा, स्वतःला इजा करण्याचं बोलणं, यांपैकी काहीही दिसलं तर तारखेची वाट बघायची नाही.

दुकानातल्या इतर औषधांचंही ध्यान ठेवा. पाळीत पोट दुखतं म्हणून मुली मेफेनामिक ॲसिड घेतात. डिप्रेशनच्या या गोळ्यांसोबत त्याने रक्तस्राव वाढू शकतो. कोरड्या खोकल्याच्या सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असेल तर तेही सोबत नको. दोन्ही वेळा काउंटरवर सांगा की मूल अमुक गोळीवर आहे. लाजू नका, आम्ही गावभर सांगत नाही.

बंद करताना

परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात. नेमकं याच टप्प्यावर आईवडील परस्पर बंद करतात. अचानक बंद केल्यावर चक्कर, मळमळ, चिडचिड होते. पॅरोक्सेटिनमध्ये ती जास्त होते, फ्लुओक्सेटिन शरीरात बरेच दिवस रेंगाळतं म्हणून त्यात कमी. पण आजार उलटण्याची भीती प्रत्येकातच असते. बोर्डाच्या परीक्षेच्या किंवा नव्या कॉलेजच्या तोंडावर बंद करायला घेऊ नका, असं आमच्या डॉक्टरांनी आवर्जून सांगितलं होतं.

भाचीची गोळी अकरावीनंतरच्या मे महिन्यात कमी करायला घेतली. पहिल्या आठवड्याप्रमाणेच वही पुन्हा काढली, पुन्हा दर आठवड्याला तारीख. शेवटची स्ट्रिप माझ्याच दुकानातून गेली आणि तिच्यातल्या चार कॅप्सूल उरल्या. त्या ताईने मला परत आणून दिल्या.