जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या: ॲल्युमिनियमचा साचा का लोखंडी?
पैठणला नाथसागरावर फेकजाळं टाकणाऱ्याला जाळं बुडवायला वजन म्हणून शिशाच्या गोळ्या लागतातच, अन् साचा कोणता घ्यावा हे सगळेच विचारायलेत. लोखंडी जड, तापायला वेळ खातो, पण एकदा तापला की ऊब धरून ठेवतो अन् गोळी भरीव पडते, फक्त पावसाळ्यात तेल नाही लावलं की गंजतो. स्वस्तातला ॲल्युमिनियमचा हलका, पटकन तापतो, पण नवा असताना साचा नीट तापलेला नसला की गोळीवर सुरकुत्या येतात, अन् आतली हवा निघत नाही म्हणून कडेला खळगा राहतो.

मी काय केलं, हवा निघावी म्हणून साच्याचे दोन्ही भाग जुळतात तिथं टोकदार सुईनं केसाएवढ्या रेघा ओढल्या, कडेची कुसळं पॉलिश पेपरनं काढली, आत दिव्याची काजळी धरली. पहिल्या पाच-सहा गोळ्या परत भांड्यात टाकल्या, मग साचा तापला अन् गोळ्या आपोआप सुटायला लागल्या. रेघ खोल गेली तर शिसं तिच्यात शिरतं, तेवढं जपा. शिसं ३२७ अंशाला वितळतं, ॲल्युमिनियम ६६० ला, म्हणून साच्याची काळजी नको.

घरच्या जाळ्यापुरतं असेल तर सुधारलेला ॲल्युमिनियमचाच घ्या. रोज ओतणाऱ्यानं लोखंडी. साचा कोणताही असो, कोरडा ठक्क पाहिजे, पाण्याचा एक थेंब असला तरी शिसं अंगावर उडतं, धूर विषारी असतो, उघड्यावरच ओता अन् लेकरं लांब ठेवा.