तरंगती गाडी घेताना: सजलेली हॉव्हरकार की उघड्या स्क्रिप्टची बाइक?

सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगाच्या मेनलँडवर, म्हणजे तिथल्या सार्वजनिक खंडांवर, भटकायला तरंगती गाडी घ्यायची म्हटलं की निवड बहुतेक वेळा दोन तऱ्हांवर येऊन ठेपते. एक म्हणजे मेशची, म्हणजे बाहेरच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घडवलेल्या मॉडेलची, तयार हॉव्हरकार. हडवरून (स्क्रीनवरच्या बटणांच्या पट्टीवरून) तिचे रंग, पंख, दिवे, इंजिनाचा आवाज सगळं बदलतं, मात्र स्क्रिप्टला, म्हणजे गाडी चालवणाऱ्या कोडला, कुलूप असतं. दुसरी म्हणजे प्रिम, म्हणजे सेकंड लाइफमधले ठोकळ्यांसारखे मूळ आकार, जोडून केलेली साधी हॉव्हरबाइक, जिची स्क्रिप्ट उघडून वाचता येते आणि बदलताही येते. माझ्याकडे दोन्ही आहेत.

दिसण्यात कार पुढे, यात वादच नाही. वाहन चालायचं तर त्याचं फिजिक्स वेट, म्हणजे त्याच्या हालचालीचा सर्व्हरवर पडणारा भार, ३२च्या आत ठेवावं लागतं आणि त्या हिशेबात चांगली मेश प्रिमपेक्षा कितीतरी जास्त नक्षी बसवते. माझ्या बाइकला एक जादा दिवा लावायचा तरी आधी काय काढावं याचा विचार करावा लागतो. चारजणांना घेऊन मिरवायचं असेल तर पुढचं न वाचता कार घ्या.

माझं घोडं अडलं ते पुलांवर. हॉव्हरची उंची मोजताना सेकंड लाइफ फक्त जमीन आणि पाणी बघतं, मध्ये कुणी काय बांधलंय ते त्याच्या खिजगणतीत नसतं. पूल हे बांधकामच. त्यामुळे गाडी पुलावर चढली की खालच्या पाण्यापासूनची आपली ठरलेली उंची गाठायला ती खाली दाबत राहते आणि पुलाला पोट घासत रखडते. मेनलँडच्या हेटेरोसेरा खंडातल्या रस्त्यांवर रमतगमत जाताना तरंगणारी गाडी ऐन पुलावर फरफटायला लागली की सगळी मजा जाते. कारच्या हडवर पंखांचे कितीतरी प्रकार होते, पण या दुखण्यावर एकही बटण नव्हतं.

बाइकमध्ये मी दोन गोष्टी केल्या. पहिली, स्क्रिप्टमध्ये ‘हॉव्हर अप ओन्ली’ हा फ्लॅग (चालू-बंद करायचा पर्याय) लावला, म्हणजे हॉव्हर गाडीला फक्त वर उचलतो, खाली खेचत नाही. नुसत्या तेवढ्याने गाडी पुलावर तरंगत नाही, गुरुत्वाकर्षण आहेच. म्हणून दुसरी गोष्ट म्हणजे चॅटमधला एक छोटा आदेश. तो दिला की त्या क्षणीची उंची थोडी वाढवून ‘ग्लोबल हाइट’, म्हणजे खाली काय आहे ते न बघता कायम राखायची उंची, म्हणून धरली जाते आणि पूल संपल्यावर पुन्हा जमिनीवरून मोजणी सुरू. कमानदार पुलावर हे जरा अंदाजानेच चालतं, पण चालतं. हात लागलेलाच होता म्हणून हॉव्हरची एफिशियन्सी, म्हणजे डोलणं दाबणारी ० ते १ मधली किंमत, हीही १ च्या जवळ नेली. ती ० कडे असली की गाडी प्रत्येक चढावर स्प्रिंगसारखी डोलते. काहींना तेच आवडतं म्हणा.

ब्लेक सी या तिथल्या मोठ्या समुद्रावर मात्र दोघींत मला फारसा फरक जाणवला नाही. खाली सपाट पाणी, दोन्ही सुरेख जातात. दर २५६ मीटरवर रीजनची (जगाच्या एका चौकोनी तुकड्याची) हद्द ओलांडतानाचे धक्केही दोघींना बसतात. बाइक त्यातून जरा लवकर सावरते असं मला वाटतं, पण यावर पैज लावणार नाही. हद्दीवर वाहन गडप होऊन आपल्या सामानातल्या लॉस्ट अँड फाउंड फोल्डरमध्ये जाण्याचा प्रकार होतोच, म्हणून कुठलीही घ्या, ‘कॉपी’ परमिशन, म्हणजे हव्या तितक्या प्रती काढायची मुभा, असलेलीच घ्या.

बाइककडे मन झुकत असेल तर एक बारकावा बघून घ्या. जाहिरातीत ‘मॉडिफाय’ लिहिलेलं असतं ते अनेकदा नुसत्या सांगाड्यापुरतं असतं. आतली स्क्रिप्ट नो-मॉडच, म्हणजे बदलता न येणारी, निघते. अशा गाडीचा रंग बदलेल, पण उंची मोजायची रीत बदलणार नाही. डेमो मिळत असेल तर तो रेझ करा (सामानातून बाहेर काढून जमिनीवर ठेवा), एडिट उघडून कंटेंट्समधल्या स्क्रिप्टची परमिशन बघा आणि पहिली फेरी पुलावरूनच मारा.