लिनक्स मिंटवर फायरफॉक्स आणि न बसणारा वाइडवाइन, आठ महिन्यांनंतर

सांगलीला आईकडे जो जुना लॅपटॉप आहे (पाचव्या जनरेशनचा आय५, ८ जीबी रॅम, एसएसडी मी नंतर बसवली) त्यावर आठ महिन्यांपूर्वी लिनक्स मिंट २२ (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं, कारण विंडोज १० चा सपोर्ट संपायला आला होता आणि विंडोज ११ ला एवढा जुना प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. आईला लॅपटॉपवर तीनच गोष्टी लागतात: यूट्यूब, मावशीशी व्हिडिओ कॉल आणि संध्याकाळी सातची मालिका ओटीटीवर. पहिल्या दोन त्याच दिवशी चालू झाल्या. तिसरीने माझे नऊ दिवस खाल्ले, आणि ते का खाल्ले हे नीट लिहून ठेवावं असं तेव्हापासून मनात आहे.

मालिका लावली की पडदा काळा आणि वर फायरफॉक्स ब्राउझरची पट्टी, की या पानावरचा व्हिडिओ चालवायला लागणारे भाग इन्स्टॉल होतायत, थोड्या वेळाने परत बघा. थोडा वेळ म्हणजे किती? रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला तरी तेच. अ‍ॅड-ऑन्सच्या पानावर प्लगइन्स टॅबमधे दोन नावं दिसतात, व्हिडिओ उलगडणारा सिस्कोचा ओपनएच२६४ आणि ओटीटीच्या कुलूपबंद व्हिडिओसाठी लागणारा गूगलचा वाइडवाइन. ओपनएच२६४ व्यवस्थित बसलेला, वाइडवाइनखाली मात्र लवकरच इन्स्टॉल होईल एवढंच लिहिलेलं.

मग आपण सगळे जे करतो ते मी केलं. मिंटचं मल्टिमीडिया कोडेक्सचं (व्हिडिओ-ऑडिओ उलगडणाऱ्या भागांचं) पॅकेज टाकलं, काही फरक नाही. फायरफॉक्स काढून परत टाकला, दोनदा, तरी नाही. आज कळतं की यातल्या कशानेच काही होणार नव्हतं. कोडेक्सचं पॅकेज साध्या व्हिडिओसाठी असतं. वाइडवाइन ही कुलूप लावलेल्या व्हिडिओची किल्ली आहे, तिचा सोर्स बंद आहे म्हणून ती फायरफॉक्सच्या पॅकेजमधे येतच नाही, ब्राउझर ती नंतर नेटवरून स्वतः उतरवून तुमच्या प्रोफाइलच्या (म्हणजे तुमच्या सेटिंग्ज वगैरे असतात त्या) फोल्डरमधे ठेवतो. लिनक्सवर ही सोय फायरफॉक्स ४९ पासून म्हणजे सप्टेंबर २०१६ पासून आहे. तर पॅकेज शंभर वेळा काढलं-घातलं तरी प्रोफाइल जसंच्या तसं राहतं आणि अडलेलं डाउनलोडही तसंच अडलेलं राहतं.

सुटलं कसं तर सातव्या की आठव्या दिवशी संध्याकाळी लाइट गेली, राउटर बंद, लॅपटॉप बॅटरीवर, आणि आईला तेवढ्यात बँकेचं काहीतरी बघायचं होतं म्हणून मी माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट दिला. फायरफॉक्स उघडलेलाच होता तर सेटिंग्जमधे जनरलच्या पानावर डीआरएम (म्हणजे हेच कुलूप) असलेला मजकूर चालवा असा जो चौकोन आहे तो सहज एकदा काढून परत टिक केला. एका मिनिटात वाइडवाइन बसला! मी ते पान तीन वेळा रिफ्रेश करून बघितलं, खरंच बसलाय का म्हणून.

म्हणजे दोष लॅपटॉपमधे नव्हता, घरच्या नेटमधे होता. जाहिराती अडवायला मीच घरी एक डीएनएस ब्लॉकर (नको ते वेबपत्ते घरच्या नेटवरच अडवणारं छोटं यंत्र) लावलाय. फायरफॉक्स आधी मोझिलाच्या सर्व्हरला विचारतो की कुठली आवृत्ती घ्यायची, तिथून पत्ता मिळतो आणि वाइडवाइनची फाइल मात्र गूगलच्या सर्व्हरवरून येते. दुसऱ्या दिवशी ब्लॉकरचा लॉग उघडला तर रिडायरेक्टर.जीव्हीटी१.कॉम हे गूगलचं नाव लाल रंगात, म्हणजे अडवलेलं, ओळीने पडलेलं, अडवायच्या पत्त्यांच्या मी उचललेल्या एका यादीत ते होतं. ओपनएच२६४ सिस्कोच्या पत्त्यावरून येतो म्हणून तो बिनतक्रार आला होता. एक बसतो आणि दुसरा बसत नाही ही खूण पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर होती. तेवढं नाव व्हाइटलिस्ट केलं, म्हणजे अडवू नको असं ब्लॉकरला सांगितलं, घरच्या वायफायवर चौकोन परत काढून-घालून बघितला, लगेच उतरला.

त्यामुळे कोणाचं असंच अडलं असेल तर कमांड मारत बसण्याआधी एकदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करून बघा, व्हीपीएन असेल तर तो बंद करून. तिथेही बसला नाही तरच प्रोफाइलमधलं जीएमपी-वाइडवाइनसीडीएम नावाचं फोल्डर काढून ब्राउझर परत चालू करा. प्रोफाइल कुठे आहे ते पत्त्याच्या जागी अबाउट:सपोर्ट टाकून उघडणाऱ्या पानावर बघून घ्या, कारण उबंटू या दुसऱ्या लिनक्सचा फायरफॉक्स २२.०४ आवृत्तीपासून स्नॅपमधून (अ‍ॅप बसवायची एक वेगळी पद्धत) येतो आणि त्याची जागा वेगळी, फ्लॅटपॅक या तशाच पद्धतीची अजून वेगळी, आणि चुकीच्या फोल्डरमधे हात घालून लोक वैतागतात. अल्पाइनसारखं मसल लायब्ररीवर (प्रोग्रॅमना लागणारा मूळ कोड) चालणारं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, असेल तर मात्र हे सगळं करून उपयोग नाही, वाइडवाइनला जीलिबसी ही दुसरी लायब्ररी लागते.

आता आठ महिन्यांचं. वाइडवाइन स्वतःहून दोनदा अपडेट झाला, आईला कळलंही नाही. चित्र स्वच्छ असतं पण ४के विसरा, लिनक्सच्या ब्राउझरला वाइडवाइनची एल३ ही सगळ्यात खालची पातळीच मिळते आणि ओटीटीवाले त्यावर रिझोल्यूशन कमी ठेवतात. महिन्याचे पैसे तेवढेच घेऊन लिनक्सवाल्याला कमी दर्जाचं चित्र द्यायचं हे मला अजिबात पटत नाही. दुसरं म्हणजे पंखा. यूट्यूबला लॅपटॉप गार राहतो कारण तिथे डिकोडिंग (व्हिडिओ उलगडायचं काम) ग्राफिक्स चिप करते, मालिकेला मात्र वाइडवाइन सगळं डिकोडिंग सीपीयूवरच करतो, म्हणून दहा मिनिटांत पंखा सुरू होतो. आईने त्यासाठी लॅपटॉप उशीवरून उचलून पाटावर ठेवायला सुरुवात केली, बराच फरक पडला.

पाचव्या महिन्यात ब्लॉकरचं मेमरी कार्ड गेलं, सगळं नव्याने सेट केलं आणि व्हाइटलिस्ट पुसली गेली. मालिका चालूच राहिली कारण प्लगइन आधीच प्रोफाइलमधे होता, फक्त अपडेट थांबले असते. लक्षात आलं तसं नाव परत घातलं, आणि आता तो पत्ता एका चिठ्ठीवर लिहून राउटरच्या मागे चिकटवलाय.